उत्तरसूचीतल्या सात चुका

“चोवीस,” मी म्हणालो.

सूनबाईने पेन्सिल खाली ठेवली. “बाबा, चोवीस कुणी विचारलेत?”

प्रश्न साधा होता. एका वर्गात एकूण किती विद्यार्थी आहेत? खाली दोन विधानं. पहिलं, मुलगे मुलींच्या दुप्पट आहेत. दुसरं, मुलींपेक्षा मुलगे आठने जास्त आहेत. आठ मुली, सोळा मुलगे, बेरीज चोवीस. यात माझं काय चुकलं ते मला कळेना.

“उत्तर काढायचंच नाही,” ती म्हणाली. “एवढ्या माहितीवर उत्तर निघेल की नाही, तेवढंच सांगायचं. एकट्या पहिल्या विधानावरून निघतं का? एकट्या दुसऱ्यावरून निघतं का? दोन्ही एकत्र घेतल्यावर निघतं का? की दोन्ही घेऊनही नाही? झालं.”

“पण काढून बघितल्याशिवाय कळणार कसं, निघतं की नाही ते?”

“तेच तर शिकायचंय.” तिने घड्याळाकडे पाहिलं. “दोन मिनिटं चाळीस सेकंद. एका प्रश्नाला दोनच मिनिटं मिळतात, बाबा.”

पलीकडच्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज थांबला. आमची ही कपडे शिवते. तिचे कान मशीन चालू असतानाही आमच्या टेबलावर असतात.

“अहो, गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की मी कापड बघते, अंगाकडे बघते आणि सांगते, होईल किंवा होणार नाही,” ती आतून म्हणाली. “आधी शिवून मग सांगायला लागले तर दुकान बंद करावं लागेल.”

सूनबाई हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं. तेहतीस वर्षं मी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. पुस्तक छापायला जाण्याआधी प्रत्येक उदाहरण पुन्हा सोडवायचं, उत्तरसूचीशी ताडायचं, चूक दिसली की समासात खूण करायची, हे माझं काम. उदाहरण अर्ध्यात सोडणं मला माहीतच नव्हतं. आणि इथे सगळी मेख अर्ध्यात सोडण्यातच होती.

सूनबाई एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्त-तपासणी विभागात काम करते. सकाळी सातला जाते, साडेतीनला येते. तिथल्या विभागप्रमुख बाई आणखी दोन वर्षांनी निवृत्त होणार होत्या. त्या जागेसाठी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी हवी, असा नवा नियम निघाला होता. नोकरी सांभाळून जाता येईल अशी चांगली संस्था एकच. तिची प्रवेश परीक्षा तीनदाच देता येते. भाषेचा भाग सूनबाईला डाव्या हाताचा मळ. अडायचं ते गणिताच्या भागात. तिथे किमान ऐंशी गुण हवेत. पहिल्या वेळी तिला चौऱ्याहत्तर मिळाले, दुसऱ्या वेळी सत्त्याहत्तर. आता तिसरी आणि शेवटची वेळ. हातात सव्वीस दिवस होते.

माझ्याकडे ती आपणहून आली नव्हती. चिरंजिवांनी तिला पाठवलं. ते लिफ्ट दुरुस्त करतात. “बाबांना विचार की. मधल्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला मी बाहेर काढतो, अडकलेल्या गणितातून बाबा काढतील.” लग्नाला सहा वर्षं झाली, पण सूनबाईचं आणि माझं बोलणं “बाबा, गोळी घेतली?” आणि “घेतली” याच्या फारसं पलीकडे गेलं नव्हतं. दोष माझाच. समोरचं माणूस छापलेलं असलं तर मला वाचता येतं. बोलतं असलं की माझी तारांबळ उडते. तेव्हा ती वही-पुस्तक घेऊन समोर बसली याचं मला फार अप्रूप वाटलं. हे असं रोज चार ते सहा चालणार, या विचाराने मी सकाळपासूनच दाढी करून तयार असायचो.

पण पहिला आठवडा वाईट गेला. मी एकेक उदाहरण शेवटपर्यंत सोडवत बसायचो. ती आधी मान डोलवायची, मग घड्याळाकडे बघायची, मग नुसतीच पेन्सिलीचं टोक वहीवर आपटत राहायची. मला ते टकटक ऐकू यायचं आणि हात आणखी अडखळायचा.

“बाबा, इथे थांबलं तरी चालेल.”

“एकच पायरी राहिलीय.”

“ती पायरी नकोय, बाबा.”

“अगं, पण भागाकार पूर्ण जातो की नाही ते तर…”

“बरं,” ती म्हणायची. तिचं ‘बरं’ म्हणजे दार हळूच लावून घेणं असायचं.

मला वाटायला लागलं, आपला काही उपयोग नाही. ती केवळ वडीलधाऱ्याचा मान म्हणून बसते. तेव्हा एके दिवशी ती कामावर गेलेली असताना मी ते जाडजूड सरावाचं पुस्तक उघडलं आणि मला येतं ते काम करायचं ठरवलं. उत्तरसूची तपासायची.

आमच्या धंद्यात म्हणायचे, प्रश्न एकदा चुकतो, उत्तरसूची दोनदा. उत्तरसूची नेहमी शेवटी, घाईत, दमलेल्या माणसाकडून तयार होते. मी स्वतः एका वर्षी सातवीच्या पुस्तकात अकरा चुकीची उत्तरं पकडली होती. त्याबद्दल छापखान्याच्या व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं आणि मी लाजेने पुढचे दोन दिवस दुपारचा डबा एकट्याने खाल्ला होता.

चार दिवस मी रोज सकाळी ते पुस्तक घेऊन बसलो. प्रश्न वाचायचा, विधानं वाचायची, डोक्यात मजकूर पक्का करायचा आणि मग सूची बघायची. या कामात मी सुखात होतो. कोणी घड्याळ लावत नव्हतं. आणि दोनशे साठ प्रश्नांत मला सात चुका सापडल्या.

त्यातली एक सांगतो. क्ष ही संख्या य पेक्षा मोठी आहे का? पहिलं विधान, क्ष आणि य दोन्ही शून्यापेक्षा मोठ्या आहेत. दुसरं विधान, क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा आहे. आता उघड आहे, ज्याचा वर्ग मोठा ती संख्या मोठी. म्हणजे एकटं दुसरं विधान पुरेसं आहे. सूची म्हणत होती, दोन्ही विधानं एकत्र लागतात. मी समासात बारीक पेन्सिलीने आमच्या पद्धतीची खूण केली, सूचीतलं उत्तर छेदलं आणि बाजूला बरोबर उत्तर लिहिलं. अशी सात ठिकाणी.

साडेतीनला सूनबाई आली. मी चहासुद्धा होऊ दिला नाही. “पुस्तकातच चुका आहेत,” मी म्हणालो. “उगाच तुला वाटतं तुझं चुकतं. सात उत्तरं चुकीची छापलीत. दुरुस्त करून ठेवलीत.”

तिने पानं उलटली. त्या क्ष आणि यच्या प्रश्नावर ती जरा थांबली. “बाबा, हे नक्की?”

“तेहतीस वर्षं हेच केलंय मी.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “बरं,” ती म्हणाली आणि वही ओढून माझी दुरुस्त उत्तरं उतरवून घ्यायला लागली.

त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते मी ऐकायला हवं होतं. मी ऐकलं नाही. मला त्या दिवशी माझं कौतुक ऐकायचं होतं, आणि ते चिरंजिवांनी रात्री जेवताना पुरवलं. “वा, बाबा! म्हणजे लिफ्टचं बटणच चुकीचं लावलं होतं तर. तिसरा दाबला की पाचवा!”

दर तीन दिवसांनी ती संगणकावर पूर्ण सराव परीक्षा द्यायची आणि गुण वहीच्या मागच्या पानावर लिहायची. माझ्या दुरुस्त्यांच्या आधी अठ्ठ्याहत्तर होते. नंतर पंच्याहत्तर झाले. मग त्र्याहत्तर. ती बोलली काहीच नाही. फक्त संध्याकाळी माझ्यासमोर बसल्यावर तिचे खांदे वर चढलेले असायचे, कानांपर्यंत, जणू कुणीतरी मागून हाक मारणार आहे. सोपे प्रश्नही ती आता तीनतीनदा वाचायची. उत्तर लिहायची, खोडायची, पुन्हा तेच लिहायची.

“काय झालंय तुला?” मी एकदा विचारलं.

“काही नाही. पूर्वी मला निदान कळायचं, कुठे चुकतंय ते. आता बरोबर वाटतं ते चूक निघतं आणि चूक वाटतं ते बरोबर. डोकंच चालत नाही माझं.”

“लक्ष द्यायला हवं,” मी म्हणालो. हे मी म्हणालो. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

चूक मला कळली ती परीक्षेला नऊ दिवस राहिले असताना, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, आणि तीही अगदी हास्यास्पद रीतीने. मी प्रकाशकाला पत्र लिहायला बसलो होतो. सात चुका सापडल्या म्हणजे कळवायला हव्यात, पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र जोडता येतं. मी चांगले कागद घेतले, शाईचं पेन घेतलं आणि प्रत्येक प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवायला लागलो. त्या क्ष आणि यच्या प्रश्नाचं पहिलं विधान कागदाच्या तळाला आलं. दुसऱ्या विधानासाठी मी नवा कागद घेतला आणि आधीचा, शाई वाळावी म्हणून, खिडकीत ठेवून आलो.

नव्या कागदावर एकच ओळ होती. क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा आहे.

मी ती ओळ वाचली. एवढीच ओळ. आणि कोणीतरी विचारावं तसं मनात आलं, क्ष उणे तीन असला तर? उणे तीनचा वर्ग नऊ. य दोन असला तर त्याचा वर्ग चार. नऊ चारपेक्षा मोठा. पण उणे तीन काही दोनपेक्षा मोठा नाही.

दोन्ही संख्या शून्यापेक्षा मोठ्या आहेत, हे पहिलं विधान सांगत होतं. ते खिडकीत वाळत होतं. दुसरं विधान एकटं तपासताना पहिलं विसरायचं असतं. या प्रकारच्या प्रश्नांचा हा पहिला नियम, सूनबाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलेला. मी मान डोलवली होती. पण मी जन्मभर मजकूर सलग वाचत आलेला माणूस. वरच्या ओळीत काय होतं ते खालच्या ओळीला येईपर्यंत धरून ठेवायचं, म्हणजे विसंगती पकडता येते, यासाठीच मला पगार मिळायचा. एकदा वाचलेली ओळ न वाचल्यासारखी करणं माझ्या हाडातच नव्हतं.

मी उरलेले सहा प्रश्न काढले. या वेळी पहिल्या विधानावर हात ठेवून वाचले. पाचांमध्ये तीच गत. पहिल्या विधानातलं काहीतरी मी गुपचूप दुसऱ्यात नेलं होतं. सातवा मात्र खरोखरच पुस्तकाचा दोष होता. सातातला एक. मला त्या एकाचाच जास्त राग आला. तो नसता तर मी सरळ गाढव ठरलो असतो, निदान हिशेब स्वच्छ राहिला असता.

मग मी काय केलं? खोडरबर घेतला आणि समासातल्या सहा खुणा खोडल्या. फुंकर मारून कण उडवले. म्हटलं, तिने बघितलंच नाही तर तिला कळणारही नाही. आता सांगून तिचा धीर खचवण्यात काय अर्थ आहे? नऊ दिवसांवर परीक्षा आलेली. असं मी स्वतःला दोन दिवस सांगत होतो. पण तिच्या वहीत ती सहा उत्तरं उतरवलेली होती, आणि ती वही खोडायला मला रबर पुरणार नव्हता. पानं राहिली तर राहिली, तिच्या डोक्यात जे बसलं होतं त्याचं काय?

दोन दिवस मी चार वाजले की डोकं दुखतंय म्हणून आडवा झालो. हिने दाराशी उभं राहून माझ्याकडे पाहिलं. “डोकं दुखतंय की आणखी काही? तोंड तर असं केलंय, जसं मापं चुकवून महागडं कापड कापलंय.”

मी उठून बसलो. ही कधीकधी बघतासुद्धा नाही आणि बोट नेमकं गळवावर ठेवते. मी तिला सगळं सांगितलं.

तिने कपाळाला हात लावला नाही की काही नाही. म्हणाली, “मग इथे काय बसलात? तिला सांगा.”

“तिचा धीर…”

“तिचा धीर तुम्ही कधीच उसवलाय. आता निदान टाका कुठून सुटला ते तरी दाखवा.”

मी बाहेर गेलो. सूनबाई टेबलाशी एकटीच बसली होती. मी खुर्चीवर बसलोसुद्धा नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

“त्या सात दुरुस्त्या,” मी म्हणालो. “त्यातल्या सहा चुकीच्या आहेत. पुस्तक बरोबर होतं. मी पहिलं विधान दुसऱ्यात मिसळत होतो.”

तिने वही मागे उलटली. क्ष आणि यचं पान काढलं. तिथे माझं उत्तर उतरवलेलं होतं, आणि त्याच्या खाली, पेन्सिलीने लिहून खोडलेलं, पण दाब उमटलेलं काहीतरी होतं. मी चष्मा सारखा केला. उणे तीन, दोन. नऊ, चार.

“मी करून बघितलं होतं,” ती म्हणाली. “त्याच दिवशी. माझं उत्तर पुस्तकाशी जुळत होतं.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तुम्ही म्हणालात तेहतीस वर्षं.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मला वाटलं, माझंच काहीतरी समजायचं राहिलंय. म्हणून मी खोडलं. मग तसले प्रश्न आले की मी तुमच्यासारखं करायला लागले. आणि ते चुकायला लागले. मग मला वाटलं, मला तुमच्यासारखंही जमत नाही.”



“माझं चुकलं,” मी म्हणालो. “फार चुकलं.”

“असू दे, बाबा,” ती म्हणाली. वही मिटली, पुस्तक घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. दार लावताना ते वाजू नये म्हणून तिने कडी हाताने धरली होती. मला वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

राहिलेले सात दिवस ती माझ्या टेबलाशी आली नाही. हिच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी, कापडांच्या गठ्ठ्यावर वही ठेवून बसायची. सराव करताना ती मोठ्याने बोलायची आणि ही मध्येमध्ये विचारायची.

“कुठलं विधान बघतेयस?”

“दुसरं.”

“मग पहिल्याचं नाव कशाला काढतेस? त्या गिऱ्हाइकाला जायला सांग. एका वेळी एकच गिऱ्हाईक आत घ्यायचं.”

“आई, तुम्हाला वर्गमूळ म्हणजे काय माहितेय का?”

“नाही बाई. मला फक्त कळतं, तू चाचरलीस.”

हसण्याचा आवाज यायचा. मी बाहेर वर्तमानपत्रातले छपाईचे दोष मोजत बसायचो. हेवा वाटायचा आणि त्या हेव्याची लाज वाटायची. त्या सात दिवसांत मी तिची किती वेळा माफी मागितली ते मलाच माहीत नाही. सकाळी ती निघताना, संध्याकाळी ती आल्यावर, जेवताना. एकदा तर चिठ्ठी लिहून तिच्या पुस्तकात ठेवली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, “असू दे, बाबा.” शेवटी चिरंजीव मला जिन्यात गाठून म्हणाले, “बाबा, लिफ्ट येत नाही म्हणून माणसं बटण दाबतच राहतात. दहादा दाबलं म्हणून ती लवकर येत नाही. उलट बटण बिघडतं.”

“मग करू काय?”

“उभे राहा,” ते म्हणाले. “नाहीतर जिन्याने जा.”

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती चिरंजिवांबरोबर गेली. मी गॅलरीतून पाहिलं. तिने वर पाहिलं नाही. परीक्षा संगणकावरची, गुण तिथल्या तिथे दिसतात. साडेबाराला फोन आला, तो हिने घेतला. हिने “हं” म्हटलं, पुन्हा “हं” म्हटलं आणि फोन ठेवला.

“एकोणऐंशी,” ही म्हणाली.

एक गुण कमी पडला होता.

“वाढले ना पण दोन,” ही म्हणाली. पण तिचाही आवाज ते स्वतःला पटवत होता.

दोघं दुपारी आली. चिरंजीव कधी नव्हे ते गप्प होते आणि लगेच कामाला निघून गेले. सूनबाईने हातपाय धुतले, स्वयंपाकघरात येऊन पाण्याचा पेला भरला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी स्टुलावर बसलो होतो. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारल्याशिवाय मला राहवेना.

“कोणते प्रश्न चुकले ते दाखवतात का?”

“नाही.”

“काहीच नाही? कुठल्या प्रकारातले, एवढं तरी?”

“फक्त आकडा देतात, बाबा. पेपर परत मिळत नाही.”

“पण त्या प्रकारचे किती आले होते? पहिलं विसरून दुसरं बघायचे?”

“चार. पाच असतील.”

“त्यात तू अडखळलीस का?”

तिने पेला दोन्ही हातांनी धरला.

“कारण त्यातला एक जरी माझ्यामुळे गेला असेल, तर तो एक गुण माझा. ऐंशी व्हायला तोच हवा होता. तसं असेल तर मी… मला एकदा कळलं तर बरं होईल. माझं खरंच फार चुकलं, मी तुला…”

“बाबा, बस!”

पेला ओट्यावर आदळला. पाणी सांडलं. सहा वर्षांत तिचा आवाज मी असा ऐकला नव्हता.

“अडखळले. एकात अडखळले. उत्तर माहीत होतं, तरी तुमचा आवाज कानात आला, तेहतीस वर्षं म्हणून. तीन मिनिटं गेली माझी. शेवटचे दोन प्रश्न मी न वाचता दाबले. झालं समाधान? आता त्यातले किती बरोबर आले, किती चुकले, ते मलाही माहीत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. आणि तुम्ही ‘माफ कर, माफ कर’ करत मागे फिरताय. रोज! मला रागावूसुद्धा देत नाही तुम्ही! मी तोंड उघडायच्या आत तुमचं तोंड इतकं एवढंसं होतं की उलट मलाच तुमची समजूत काढावी लागते. माझी परीक्षा, माझी शेवटची खेप, आणि आठवडाभर ‘असू दे, असू दे’ मी करतेय!”

मशीनचा आवाज थांबला होता. ही आली नाही.

“मी…” मी म्हणालो. पुढचा शब्द कोणता येणार ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. मी तोंड मिटलं.

ती थांबली. मी काही म्हणतोय का, याची वाट बघितली. मी म्हटलं नाही. हात मांडीखाली दाबून बसलो, कारण ते जोडले जायला बघत होते.

मग ती बोलायला लागली. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक उदाहरण शेवटपर्यंत ओढायचो तेव्हा तिला ओरडावंसं वाटायचं, हे तिने सांगितलं. लक्ष द्यायला हवं, असं मी म्हणालो त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे सांगितलं. विचारायला यायचंच नव्हतं, नवऱ्याने ढकललं, आणि मी इतका खूश दिसायचो की नको म्हणवेना, हेही सांगितलं. ते सगळ्यात जास्त लागलं. मध्ये तिचा आवाज फाटला, तिने नाक पुसलं आणि पुन्हा सुरू केलं. खुणा खोडून ठेवल्याचं तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. “कागदावर दाब राहतो, बाबा. तुम्हाला एवढंही माहीत नाही?” मी सांगेन म्हणून ती दोन दिवस थांबली होती. मी डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिलो होतो.

“विभागात उद्या काय सांगू मी?” ती म्हणाली. “सगळ्यांना माहितेय. बाईंना माहितेय. एका गुणाने गेलं म्हणू? एका गुणाने म्हटलं की लोक हळहळतात. ती हळहळ नकोय मला.”

हा प्रश्न मला होता की नव्हता, कळेना. पण ती बघत होती, तेव्हा मी उत्तर दिलं.

“नाही झालं, एवढंच सांग,” मी म्हणालो. “आकडा सांगू नकोस.”

तिने जरा विचार केला. “ते चालेल,” ती म्हणाली. मग पुन्हा भडकली. “आणि त्या सातव्या उत्तराचं काय? ते खरंच चुकलं होतं ना पुस्तकात? मी तेही तुमच्यावरच्या रागाने पुस्तकाप्रमाणेच पाठ केलं! कळवा त्यांना. आजच कळवा. नुसते बसू नका.”

“कळवतो.”

“आणि फक्त तेच एक लिहा. बाकीचं पाल्हाळ नको.”

ओट्यावरून पाण्याची धार स्टुलापर्यंत आली होती. माझी पावलं भिजली. फडकं तिच्या मागे होतं. मी मागितलं नाही. ती अजून बोलत होती, आता बाईंविषयी, त्या नियमाविषयी, ऐंशी हा आकडा ठरवणाऱ्यांविषयी, आणि मग फिरून पुन्हा माझ्याविषयी.